बुटका बेड

आमच्या हॉस्पिटलात बेड खाली करत नाहीत, बुटका करतात. नवीन आलेली प्रत्येक सिस्टर पहिल्या दिवशी हा शब्द ऐकून हसते आणि आठवड्याभरात स्वतःच कॉरिडॉरमधून ओरडते, "सात नंबर बुटका केला का?" लातूरची ओरडते, केरळची ओरडते. केरळच्या एकीला मराठीतले जे पहिले तीन शब्द आले ते पाणी, दुखतंय आणि बुटका. हा शब्द कुणी आणला, असं सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर मी 'हिरामामांनी' एवढं सांगून सलाईन बघायला जाते. पुढचं सांगायला वेळ लागतो. आज सुट्टी आहे, म्हणून लिहायला बसले.

हिराजी घरत हे आमच्याकडे वॉर्डबॉय होते. वय वर्षं छप्पन्न, डोक्यावरचे केस पांढरे, घरी दोन नातवंडं, आणि हजेरीपटावर 'बॉय'. सगळे त्यांना मामा म्हणत. मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे मालक, तेही मामाच म्हणत. अंगाने ताडमाड उंच आणि काटक. करंज्याजवळच्या गावचे. तरुणपणी तिथल्या बंदरातून मासेमारीच्या बोटीवर जायचे. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिथेच राहिलं. जाळं ओढायच्या यंत्रात दोरीबरोबर हात आत गेला होता. त्यानंतर बोट सोडली आणि पनवेलला येऊन हॉस्पिटलात लागले. हे सगळं ते एका वाक्यात सांगत, आणि सांगून झालं की राहिलेल्या तीन बोटांनी मिशी सारखी करत. या विषयावर त्यांनी स्वतःची कधी कीव केली नाही आणि दुसऱ्याला करू दिली नाही.

आमच्याकडे विजेवर चालणारे सहा बेड आले तो दिवस मला आठवतो. टाय लावलेला एक माणूस आला होता. त्याने रिमोट हातात धरून आम्हाला डोकं वर, पाय वर, अख्खा बेड वर, अख्खा बेड खाली असं दहा मिनिटं करून दाखवलं. मोठे डॉक्टर खूश. आम्ही सिस्टर त्याहून खूश, कारण वर्षानुवर्षं वाकून वाकून आमच्या कमरा गेल्या होत्या. बेड हवा तेवढा वर घ्या, ताठ उभं राहून ड्रेसिंग करा. शेवटी त्याने विचारलं, काही शंका? मागून मामांचा हात वर गेला.

"ह्या थांबवायचा कसा?"

"बटण सोडलं की थांबतो, काका."

"आनि जो आत अडकलाय, त्याच्या हातान बटन नसला तं?"

टायवाला गोंधळला. मामांनी आपला डावा हात पुढे धरला. "आमचा बोटीवरचा मशीनपन बटन सोडला की थांबायचा. बटन दुसऱ्याच्या हातान व्हता. तो मासली बघत व्हता." टायवाल्याने त्या हाताकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. माझं मात्र हसू गेलं. ज्याचा हात आत असतो त्याच्या हातात बटण नसतं, हे मला बारा वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.

तो गेल्यावर मामांनी चपला काढल्या आणि सरळ नव्या बेडवर आडवे झाले. "सिष्टर, चालवा. पेशंटच्या आदी मी." मी चालवला. नुसतं डोकं वर केलं तर तो सहा फुटी माणूस हळूहळू पायथ्याकडे घसरला आणि त्याची हनुवटी छातीला टेकली. "बघा. श्वास कुटून घ्यायचा मानसानी? आदी गुडघे, मंग डोका." कठड्याच्या दोन दांड्यांमध्ये त्यांनी हात घालून बघितला, मग मान वळवून बघितली. बेड वर असताना काठावरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "हितून पडला तं मानूस उरनार नाय." अर्ध्या तासाने उठले तेव्हा त्यांना त्या बेडबद्दल जेवढं कळलं होतं तेवढं टायवाल्याला कळलं होतं असं मला वाटत नाही.

त्या दिवसापासून त्यांचा एक क्रम ठरला. रिमोटला हात लावायच्या आधी गुडघ्यावर बसायचं आणि बेडखाली बघायचं. एवढा उंच माणूस खाली बसणार म्हणजे टप्प्याटप्प्याने बसणार. आधी एक गुडघा, मग हात, मग दुसरा गुडघा. आम्हाला घाई असायची. त्यांना नसायची. खाली बघून झालं की चाकांचा ब्रेक पायाने दोनदा दाबून बघायचा. मग वायर कुठे ताणली जात नाही ना, लघवीची नळी कठड्यात अडकली नाही ना, ते बघायचं. मग पेशंटला नावाने हाक मारून सांगायचं, "भोईरकाका, वर घेतो. हात पोटावर ठेवा." बेशुद्ध माणसालाही सांगायचे. मी एकदा म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही मामा. "नसंल येत. त्यांच्या हाताला येत आसंल," असं म्हणून त्यांनी त्या बेशुद्ध माणसाचे दोन्ही हात उचलून पोटावर ठेवले आणि मगच बटण दाबलं. काम संपलं की बेड तळाला, कठडे वर, बेल पेशंटच्या हातात, रिमोट पायथ्याच्या हुकाला. रिमोट नातेवाइकांच्या हातात कधीही द्यायचा नाही. आणि सगळ्यात वरचा नियम, "बेड वर, तं मानूस बाजूला." म्हणजे बेड वर असेपर्यंत आपल्यापैकी कुणीतरी शेजारी उभं राहायचंच.

माझा स्वभाव असा की मला कुणी शिकवलेलं आवडत नाही, त्यातून वॉर्डबॉयने तर नाहीच. मी इन्चार्ज सिस्टर होते. पहिले दोन महिने मी त्यांच्या त्या गुडघे टेकण्याला 'मामांची नमाज' म्हणत असे. आमचा लॅबवाला रफिक ते ऐकून एकदा म्हणाला, "सिस्टर, नमाजसुद्धा एवढी फुरसतीने होत नाही." सगळे हसले. मामाही हसले. मग गुडघ्यावर बसले.

माझी खोड मोडली ती एका डब्याने. कोन गावचा एक पेशंट होता, त्याच्या घरून स्टीलचा चार पुडांचा डबा यायचा. नातेवाईक डबे ठेवतात कुठे, तर बेडखाली. मी ड्रेसिंग आटोपून घाईत बटण दाबलं. बेड खाली आला. मध्येच एक कुरकुर ऐकू आली, मला वाटलं मोटरची असेल. मग बोंबलाचं कालवण फरशीवरून माझ्या पांढऱ्या बुटांपर्यंत आलं. चार पुडांची जाड चकती झाली होती. वॉर्डला दोन दिवस बोंबलाचा वास येत होता आणि त्या दोन दिवसांत माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून कुणी बोललं नाही, सगळे हसू दाबत होते.

मामा हसले नाहीत. त्यांनी तो चेपलेला डबा घासून स्वच्छ केला आणि चादरींच्या खोलीत खिळ्याला टांगला. नवीन कुणी कामाला लागलं की त्याला आधी तिथे नेत. "ह्या काय हाय?" डबा, असं उत्तर आलं की म्हणत, "डबा नाय. ह्या हात हाय कुनाचातरी." कुणी चेपला ते मात्र कधी सांगत नसत. मी दारात उभी असले तरी नाही. तेव्हापासून मीही गुडघे टेकायला लागले. गुडघे दुखतात, पण टेकते.

दुसरी गोष्ट त्यांच्या भाचीच्या हळदीची. आमच्या भागात आगरी घरातली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं काम. मामाच नसेल तर बहीण जन्मभर ऐकवते. मामांनी महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं, चार वाजता निघणार. साडेतीनला एका पेशंटचा बेड वर घेतला आणि लाईट गेली. जनरेटर सुरू झाला, पण त्या बेडचं काहीतरी बिघडलं होतं, तो खाली येईना. पेशंट बाई वयस्कर, डोक्याने जरा भ्रमिष्ट, सारखी उठायला बघणारी. तिला दुसऱ्या बेडवर हलवायचं तर बेड मोकळा नव्हता. मी म्हटलं, मामा तुम्ही निघा, मी कुणाला तरी बसवते. ते म्हणाले, "कुनाला तरी म्हंजे कुनाला?" माझ्याकडे नाव नव्हतं. मेकॅनिक येईपर्यंत मामा त्या बाईच्या शेजारी स्टुलावर बसून राहिले, तिचा हात धरून. इस्त्री केलेला शर्ट पिशवीत घडी घातलेला तसाच. हॉस्पिटलातून निघायला त्यांना साडेसात वाजले. बहिणीने पुढे सहा महिने अबोला धरला, असं नंतर कळलं.

अशा माणसाच्या हातून तो प्रकार झाला, म्हणून तो लिहिणं भाग आहे.

चार नंबरला आपटा गावचे ठाकूर आजोबा होते. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, नववा दिवस होता. सोबत आजी. लहानखुरी बाई, नदीकाठच्या वाडीतून आलेली, हॉस्पिटलला इतकी बुजलेली की बाकावरसुद्धा अर्धीच टेकायची. तापाचे दिवस होते, बेड मिळत नव्हते. काउंटरवरून दिवसभर एकच ओरडा चालू असे, "दोन नंबर बेड खाली करा, पेशंट थांबलाय! सहाचा खाली झाला का?" आजी ते ऐकायची आणि मला विचारायची, "आमाला घालवनार नाय ना बाय?" मी म्हणायची, नाही हो आजी. कामाच्या गडबडीत, मान वर न करता.

दुपारी मामांनी आजोबांचं अंग पुसायला बेड वर घेतला होता. त्याच वेळी एक्स्प्रेसवेवरच्या अपघातातले तिघे जण तळमजल्यावर आले. मी जिन्यातून हाक मारली, "मामा! ट्रॉली घेऊन या, आत्ताच्या आत्ता!" मामा घोटाळले असतील, एखादा क्षण. कठडे त्यांनी वर केले होते, हे नक्की. पण बेड तसाच वर होता. नवीन मावशी तिकडे न्हाणीघरात बादली भरत होती, तिला त्यांनी पळता पळता ओरडून सांगितलं, "चार नंबर बेड खाली करा!"

मावशीला नळाच्या आवाजात ऐकू गेलं नाही. आजीला गेलं.

मराठीत खाली म्हणजे खाली. पण आमच्या पनवेलमध्ये रूम खाली होते, फ्लॅट खाली असतो, दुकान खाली करून मागतात. हिंदीतून हा शब्द कधी येऊन राहिला आणि घरचाच झाला ते कुणाला कळलं नाही. आजी नऊ दिवस काउंटरवरून तोच ऐकत होती. तिला वाटलं, आली वेळ. तिने पिशवी भरली. कुणी येतंय का याची वाट पाहिली. कुणी आलं नाही. कुणाला त्रास नको म्हणून तिने स्वतःच कठडा पाडला, तो कसा पडतो हे ती रोज बघत होतीच, आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा, बेड खाली करून पायजे त्यांना." आजोबांनी पाय खाली सोडले. जमीन नेहमीच्या जागी नव्हती.

खुबा वाचला. उजवं मनगट मोडलं. म्हणजे वॉकर धरता येणार नाही, म्हणजे चालणं दोन महिने लांबलं. आजी जमिनीवर बसून एकच म्हणत होती, मामांनीच सांगितला, मामांनीच सांगितला.

अशा वेळी रजिस्टरमध्ये नोंद करायची असते आणि ती इन्चार्ज सिस्टर करते. मी लिहिलं, 'नातेवाइकाने कर्मचाऱ्यांना न विचारता कठडा उघडून पेशंटला खाली उतरवले.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी वाचलं, मान हलवली. मामा दारात उभे होते. म्हणाले, "सिष्टर, वाचा जरा." मी वाचलं.

"ह्या खोडा."

"मामा, झालंय ते असंच झालंय," मोठे डॉक्टर म्हणाले.

"नाय साहेब. बेड मी वर ठेवला. बेड वर ठेवून मी गेलो. आनि शब्द माजा. म्हातारीनी मी बोल्लो तसा क्याला. तिचा नाव कशाला लिवता?"

मी खोडलं. ते सांगत गेले तसं लिहिलं. खाली त्यांनी सही केली, हिराजी घरत, एकेक अक्षर सुटं. त्यांनी सगळं सांगितलं, फक्त एक गोष्ट सांगितली नाही. ते का गेले, हे सांगितलं नाही. हाक कुणी मारली, हे सांगितलं नाही. मी पेन हातात धरून वाट बघत होते, की आता सांगतील. पेन माझ्याच हातात होतं, मीही लिहिलं नाही. याची मला आजही लाज वाटते, आणि ती इथे लिहून कमी होणार नाही हेही कळतं.

मामांना वॉर्डमधून काढून चादरींच्या खोलीत बसवलं. मोठे डॉक्टर वाईट नव्हते, पण ठाकूरांच्या मुलाला काहीतरी केल्याचं दाखवायचं होतं. चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, लिफ्टने वर पाठवायच्या. बेडला हात लावायचा नाही. नवीन माणसांना डबा दाखवायचं काम मात्र चालू राहिलं, कारण डबा त्याच खोलीत होता. मी दिवसातून दोनदा तिथून जायची आणि ते "चाय घेतली का सिष्टर?" असं विचारायचे, नेहमीच्याच आवाजात. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पंधरा दिवसांनी त्यांनी मला थांबवलं. "सिष्टर, खाली म्हनू नका. कुनीच म्हनू नका."

"मग काय म्हणायचं?"

"त्याचाच इचार करतोय."

दोन दिवस चादरींच्या घड्या घालत विचार चालला होता. 'उतरवा' म्हणावं तर पेशंटलाच उतरवतील. 'निजवा' म्हटलं तर नुसतं डोकं खाली घेतील. तिसऱ्या दिवशी घडी अर्धवट टाकून बाहेर आले. "बुटका. बेड बुटका करा. याचा दुसरा अर्थ नाय होत. लोक मला हसतील, पन कुनी उठून नाय जानार."

लोक हसलेच. सहा फुटी माणसाच्या तोंडी तो शब्द ऐकून मोठे डॉक्टरही हसले. मी जाड पेनाने कार्ड लिहिली आणि प्रत्येक बेडच्या पायथ्याला चिकटवली. 'बेड वर, तर माणूस बाजूला. जाताना बेड बुटका.' माझ्याने तेवढंच झालं.

पुढे चार महिन्यांनी ठाकूर आजोबा पुन्हा आले. या वेळी दम लागला होता. नशिबाने नाही, बेड तोच मोकळा होता म्हणून, पुन्हा चार नंबर. वॉकर धरून चालायला लागले होते, मनगट जरा वाकडं जुळलं होतं. ट्रॉलीवरून घेता यावं म्हणून बेड वर केला होता, त्यावर झोपवलं, आता डोक्याकडून उचलायचं तर आजीने कठडा दोन्ही हातांनी धरला. "मामांना बोलवा. दुसऱ्या कुनाला मी हात लावू देनार नाय."

मला वाटलं, बाई भांडायला बोलावते आहे. मी स्वतः चादरींच्या खोलीत गेले. मामांचा तीन बोटांचा हात घडीवरून फिरत राहिला. त्यांना निवृत्त व्हायला आठ दिवस उरले होते. मग उठले, हात धुतले आणि माझ्या मागून आले.

आजीकडे त्यांना बघवत नव्हतं, ते दिसत होतं. ते सरळ खाली बसले. एक गुडघा, हात, दुसरा गुडघा. बेडखाली बघितलं. ब्रेक दोनदा दाबला. नळी, वायर. "ठाकूरकाका, हात पोटावर. आदी गुडघे घेतो." गुडघे, मग डोकं. आजोबांचा श्वास जरा मोकळा झाला. सगळं झाल्यावर आजी म्हणाली, "एक इचारू मामा? तुमी कदी बेड सोडून जायचे नाय. नऊ दिवस बघितला मी. त्याच दिवशी कसे गेले?"

मामा वायर सरळ करत राहिले. ते बोलणार नव्हते, हे मला माहीत होतं.

"मी हाक मारली होती आजी," मी म्हटलं. "जिन्यातून. मी बोलावलं म्हणून ते गेले. रजिस्टरमध्ये मी ते लिहिलं नाही."

मोठे डॉक्टर राउंडला आत आले होते, त्यांनीही ऐकलं. आजीने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, पण पुष्कळ वेळ.

"सिष्टर, ते ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. मग त्यांनी जी गोष्ट मी त्यांना कधी करताना पाहिली नव्हती ती केली. हुकावरचा रिमोट काढला आणि आजीच्या हातात दिला. तिचं बोट धरून अख्खा बेड खाली आणायच्या शेवटच्या बटणावर ठेवलं. "खाली वाका आदी. बघा काय हाय का." आजी वाकली. "नाय काय." "हात कुटं हायेत यांचे?" "पोटावर." "मंग आता बेड बुटका करा."

आजीने बटण दाबलं. बेड सावकाश खाली गेला, तळाला टेकला, थांबला.

"झाला का बुटका?" आजीने विचारलं.

"झाला."

"मंग आता आमाला घालवू नका."

मामा हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी चादरीच्याच टोकाला पुसलं, जे हॉस्पिटलात करू नये असं ते सगळ्यांना शिकवत. त्यांनी आजोबांच्या हातात बेल दिली आणि निघाले. बेडजवळ मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. दारापाशी थांबले, त्या उंच अंगाने अर्धे वाकले, एकदा बेडखाली बघितलं आणि गेले.